बंदर रस्त्यावरच्या अकरा झाडांना नोटिसा : हरकत कशी घ्यायची?

सुरंगी | सोमवार, रात्री 9:42

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथले ओळखतीलच. कोकण किनाऱ्यावरचं, नगरपरिषद असलेलं छोटं शहर, एवढं पुरे.

एसटी स्टँडवरून बंदराकडे जो उतार जातो, त्याच्या डाव्या अंगाच्या अकरा झाडांवर नोटिसा लागल्यात. पाच रेन ट्री, दोन गुलमोहर, दोन उंडी, एक बकुळ आणि पारासकट पिंपळ. गटार बांधून त्यावर पदपथ करायचाय, त्याला ही झाडं आड येतात. खोडांवर पिवळ्या रंगात नंबर घातलेत. नोटिसा चार-चार खिळे ठोकून लावल्यात. झाडं राखायच्या कायद्याखालची नोटीस, आणि ती झाडालाच खिळे मारून!

उंडीच्या दोन झाडांखाली मासळीवाल्या बसतात. होड्या लागल्या की तिथेच वाटे पडतात, बर्फाची पेटी तिथेच फुटते. दुपारी जाळी विणणारे सावलीला येतात. उंड्या गेल्या तर ही माणसं कुठे बसणार, याचा नकाशात कुठेही उल्लेख नाही.

हरकतीला सात दिवस आहेत. अर्जात काय लिहावं? आळीत एकमत नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

पोफळी_बाग | सोमवार, रात्री 10:05

+1. खिळ्यांचा फोटो काढून ठेवा, कामाला येईल.

दप्तरी | सोमवार, रात्री 11:18

नोकरी नगरपालिकांत गेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. हरकत म्हणजे निबंध नव्हे. 'झाडे आपले मित्र आहेत' असं सुरू होणारा अर्ज वाचणारा कारकून पहिल्या ओळीलाच जांभई देतो.

कायदा आहे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, 1975. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे करा. प्रत्येक झाडाचा वेगळा परिच्छेद: नोटिशीतला नंबर, जात, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, दोरी गुंडाळून मोजलेला घेर, झाड निरोगी आहे का, आणि मुख्य म्हणजे ते न तोडता काम कसं होईल. पर्याय सुचवलेल्या हरकतीला उत्तर द्यावंच लागतं. नुसत्या विरोधाला 'नोंद घेतली' म्हणून फाइल बंद होते. शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणी व जागेची पाहणी व्हावी' हे वाक्य टाका. आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

गटाराचा नकाशा आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागता येतं, पण उत्तराची मुदत 30 दिवसांची, तोवर हरकतीचे सात दिवस उलटून गेलेले असतात. त्यापेक्षा बांधकाम विभागात जाऊन नकाशा बघायला मागा. छोट्या गावात दाखवतात. नाही दाखवला तर तेही अर्जात लिहा.

दोन गोष्टी लोकांना ठाऊक नसतात. एक, या कायद्यात झाड 'तोडणे' या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणजे झाड उभं ठेवून मुळं तोडली तरी ती तोडच. दुसरं, 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे. शिवाय तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावून सात वर्षं जगवून दाखवायची असतात. तेव्हा वयाचा पुरावा गोळा करा. जुने फोटो, लग्नाचे, मुंजीचे, काहीही, ज्यात ते झाड मागे दिसतंय.

मस्कत_मुक्काम | मंगळवार, सकाळी 6:50

वाचून पोटात तुटलं. आमचं घर त्याच रस्त्याला आहे हो! ती बकुळ, सकाळी फुलं वेचायला आम्ही पोरं धावायचो. कृपया ही झाडं वाचवा. इथून काही मदत लागली तर सांगा, पैशांचीसुद्धा.

खालची_आळी | मंगळवार, सकाळी 7:31

सगळ्यांचं ऐकलं, आता माझंही ऐका. तीन नंबरचा रेन ट्री माझ्या घरावर आहे. 'घरासमोर' नव्हे, घरावर.

16 मे 2021 ला तौक्ते वादळ गेलं त्या दिवशी त्याची फांदी पडवीवर आली. कौलं फुटली, वासे मोडले, आईच्या खाटेपासून हातभर अंतरावर. त्यानंतर फांद्या छाटून द्या म्हणून दिलेल्या अर्जांच्या पोचा माझ्याकडे आहेत, दप्तरीसाहेब, शिक्क्यासकट. छाटले कोणी? वीजवाल्यांनी. तारेच्या बाजूच्या तेवढ्या उतरवल्या, त्यामुळे आता सगळं वजन माझ्या बाजूला.

माघ-फाल्गुनात पानगळ, मग त्या चिकट शेंगा. पन्हळी तुंबतात, अंगण काळं होतं. ते मी काढतो. फुलं वेचायच्या आठवणी मस्कतला, पाचोळा इथे.

मी हरकत घेणार नाही. उलट तोडा म्हणून लिहून देणार आहे.

पोफळी_बाग | मंगळवार, सकाळी 8:02

काका, राग समजतो, पण एका फांदीसाठी अकरा झाडं?

खालची_आळी | मंगळवार, सकाळी 8:10

अकरा मी म्हटलेलं नाही. एक म्हटलंय.

हापूसवाला | मंगळवार, दुपारी 2:25

काकांशी सहमत, आणि असहमतही. मी आंबा बागायतदार, झाडांच्या अंगावर रोज हात फिरतो म्हणून लिहितोय.

आपल्याकडे वर माती वीतभर, खाली जांभ्याचा कातळ. मुळं खोल जातच नाहीत, आडवी पसरतात. अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत. गटारासाठी खोडापासून हातभर अंतरावर जेसीबीने सरळ चर मारला की एका बाजूची मुळं साफ. झाड त्या वर्षी हिरवंच दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात आडवं होतं आणि मग सगळे म्हणतात, 'बघा, पोकळ होतं.' त्यामुळे हरकत मंजूर होऊन 'झाडे जागेवर ठेवून काम करावे' असा शेरा मिळाला म्हणून पेढे वाटू नका. चर कुठून जातो आणि कशाने खणतात हे बघायला तिथे माणूस उभा हवा. झाडाजवळ पहार-कुदळीनेच खणायचं.

बुंध्याला सिमेंटचा गळफास नको. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात खोडाभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. अर्जात त्याचा दाखला द्या. इथे बंधनकारक आहे का, ते वकील बघतील, पण वजन पडतं. आमच्याकडच्या पेव्हर ब्लॉकवाल्यांना मात्र झाडाभोवतीची उघडी माती म्हणजे अपुरं काम वाटतं.

छाटणीबद्दल. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर वळी असते. काप त्या वळीच्या बाहेर हवा. आधी खालून अर्धवट चीर, मग थोडं पुढे वरून तोडणं, शेवटी राहिलेला खुंट काढणं. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलवटते. कापावर बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. हे इथल्या प्रत्येक बागेत माहीत आहे, पण रस्त्यावरच्या झाडाला कोणी लावत नाही. आणि छाटणी दोन्ही बाजूंनी तोलून. काकांच्या झाडाचं जे केलंय ती छाटणी नाही, ते झाड काकांच्या घरावर लोटणं आहे.

गुलमोहरांबद्दल मी भांडणार नाही. लाकूड ठिसूळ, वादळात पहिले तेच. बुंध्यात पोकळी असेल तर जाऊ द्या. उंडी मात्र खाऱ्या वाऱ्याची, किनाऱ्यावरची अस्सल आपली. पूर्वी तिच्या बियांचं कडू तेल दिव्याला आणि सांधेदुखीला असायचं. ती पडली म्हणून ऐकलंय का कोणी?

दर्यावर्दी | मंगळवार, दुपारी 3:40

उंडी पडली नाय ऐकली. तोडलेली ऐकली.

आडवली_मुक्काम | मंगळवार, सायंकाळी 6:15

झाडा तोडूक धा जणा, पाचोळो काडूक कोण नाय. ह्या खरा.

पण एक इचारतंय. शिमग्याक होळयेचो आंबो तोडतो तेवा हरकत खंय जाता? आमच्या वाडयेत दरवर्साक एक चांगलो आंबो जायचो. मगे दोन वर्सां भांडाण झाला, शेवटी देवळात कौल लावलो. देवान उजवो दिल्यान. आता होळयेक पोफळ घेतत, ती पण जुनी झालेली, मालक सोता दाखयता. देवाक चलला, मानकऱ्यांका चलूक येळ लागलो.

सुरंगी | मंगळवार, रात्री 8:30

खालची_आळी काका, तुमचं म्हणणं रास्त आहे. अर्जात तीन नंबरच्या झाडासाठी 'तोड नको, तोलून छाटणी हवी, तीही पावसाळ्यापूर्वी' असं लिहिलं तर तुम्ही सही कराल का? तुमच्या जुन्या पोचा जोडू.

खालची_आळी | मंगळवार, रात्री 8:44

आधी छाटा, मग सही.

मांडवी_काठ | मंगळवार, रात्री 10:20

पणजीहून. व्याख्येचा विषय निघालाय म्हणून आमच्याकडची गंमत सांगतो. गोव्यात झाडांसाठी 1984 चा वेगळा कायदा आहे. 2016 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि माड 'झाड' राहिला नाही! ताडवर्गीय आहे, फांद्या नाहीत, म्हणून माड हे झाड नाही, असा युक्तिवाद. बाहेर केवढा गदारोळ. ज्यांच्या अंगणात माड, ज्यांची आमटी माडावर, ते घराघरांतून बोलायला लागले. 2017 मध्ये माड पुन्हा झाडांत आला आणि वर राज्यवृक्षही झाला.

तेव्हाही बागायतदारांतले काही जण म्हणत होते की म्हातारा माड काढायला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, ते सोपं करा. माडावर चढून नारळ काढणारे पाडेली मिळत नाहीत, नारळ डोक्यावर पडतात. ही अडचण खरीच होती. पण म्हणून व्याख्याच बदलायची? तुमच्या खालच्या आळीच्या काकांची तक्रार मला त्याच जातीची वाटते. ती सोडवली नाही तर दुसरंच कोणी ती वापरून घेतं.

मिरजकर | बुधवार, सकाळी 9:05

आमच्या भोश्याचा वड आठवला. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड जाणार होता. 2020 मध्ये लोकांनी आवाज उठवला, मंत्र्यांपर्यंत पत्रं गेली, रस्त्याची आखणी बदलली, झाड वाचलं. पेपरात फोटो. आणि 2022 च्या पावसाळ्यात ते कोसळलं.

मी तिथे जाऊन आलो होतो. वाईट वाटलं, पण चिडही आली. झाड वाचेपर्यंत सगळे हजर.

कोथरूडकर_सध्या | बुधवार, सकाळी 10:30

पुनर्रोपण का नाही करत? हल्ली अख्खी झाडं उचलून दुसरीकडे लावतात. व्हिडिओ पाहिलाय.

हापूसवाला | बुधवार, दुपारी 1:15

व्हिडिओ उचलतानाचा असतो, दोन वर्षांनंतरचा नसतो.

वड-पिंपळ जातीच चिवट, जाड फांदी रोवली तरी फुटते. त्यातही मुळांचा गोळा आधीपासून टप्प्याटप्प्याने तयार करावा लागतो, मोसम सांभाळावा लागतो, नंतर दोन-तीन उन्हाळे पाणी. कातळावर वाढलेल्या मोठ्या रेन ट्रीचा मुळांचा गोळा काढणार कुठून? कातळासकट उचलणार का? पुनर्रोपण हा शब्द फाइलीत आला की तोडणाऱ्याच्या मनाला बरं वाटतं, बाकी फारसं काही होत नाही.

ओव्हरसियर | बुधवार, रात्री 9:50

निवृत्त स्थापत्यवाला. आज तिथे जाऊन टेपने मोजून आलो, आता मुद्द्याचं.

झाडांची रांग रस्त्याच्या कडेला. तिच्यामागे घरांचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती. गटार दीड-दोन फुटी. नकाशात ते नेमकं झाडांच्या रेषेत आहे, कारण गडगे पुढे आलेत. पूर्वीचा चालायचा पट्टा हळूहळू अंगणांत गेला, कुणाचा हात, कुणाचा दोन हात. तिथली पाच घरं गडगा दोन फूट मागे घ्यायला तयार झाली, तर गटार झाडांच्या मागून जातं. उताराची पातळी जमते, मी बघितलंय. बकुळीपाशी तेवढं उघड्या गटाराऐवजी पाइप टाकावा लागेल. पिंपळाला तर हातही लावायची गरज नाही, पाराच्या मागे चार फूट मोकळी जागा आहे.

म्हणजे नऊ झाडं सहज राहतात. गुलमोहर दोन्ही पोकळ आहेत, हाताने ठोकून पाहिले.

आता अडचण. पाचातली दोन घरं बंद. मालक मुंबईला, परदेशात. प्रॉपर्टी कार्डावर पाच-सात चुलतभावांची नावं. नगरपरिषद लेखी संमतीशिवाय गडग्याला हात लावणार नाही आणि अतिक्रमणाची मोजणी काढायची तर वर्ष जाईल. त्यापेक्षा झाडं तोडणं सोपं, कारण झाडांना वारस नसतात.

मस्कत_मुक्काम, उताराच्या मधोमध निळ्या फाटकाचं घर तुमचंच ना?

मस्कत_मुक्काम | गुरुवार, पहाटे 5:58

हो, आमचंच.

पण ते सामायिक आहे. मोठे काका गेले, त्यांची मुलं डोंबिवलीला, एक आत्या बडोद्याला. वाटण्यांवरून बोलणं बंद आहे, त्यामुळे गडग्याचा विषय काढला की 'ह्याला आताच का सुचलं' असं होणार. दोन फुटांचा प्रश्न नाही हो, कोणी आधी फोन करायचा हा प्रश्न आहे.

आडवली_मुक्काम | गुरुवार, सकाळी 7:20

पैशांची मदत करतंय म्हणा होतास मां? दोन फूट जमीन मागली तर पोटात गोळो इलो.

सुरंगी | गुरुवार, सकाळी 7:45

टोमणे नकोत, प्लीज. सगळ्यांच्याच घरात हे आहे. आमचाही गडगा त्या पाचांत येतो. आमच्याकडे सासऱ्यांची सही काल रात्री झाली, पण 'गडगा पुन्हा चिऱ्याचाच बांधून द्यायचा, पत्र्याचं कुंपण चालणार नाही' या अटीवर. अट लिहून घेतली.

मासळीवाल्या बायकांनी वेगळा अर्ज दिलाय, बावीस अंगठे आणि सह्या. 'आम्ही उन्हात बसू, पण मासळी बसणार नाही' असं त्यांच्यातली एक मावशी कारकुनाला म्हणाली. ते वाक्य मी अर्जात टाकायला सांगितलं. दप्तरीकाका, चालेल ना?

दप्तरी | गुरुवार, सकाळी 9:30

चालेल काय, धावेल. उपजीविकेचा मुद्दा आहे तो. त्यांना सुनावणीलाही न्या. आणि पहाटेचा लिलाव उरकून येता येईल अशी वेळ मागा, नाहीतर सकाळी दहाची वेळ देतात आणि 'अर्जदार गैरहजर' लिहितात.

मस्कत_मुक्काम | शुक्रवार, रात्री 11:40

दोन गोष्टी.

आईच्या ट्रंकेतले फोटो बहिणीने काल चाळले. बाबांच्या मुंजीतला एक सापडला, मागे फोटोवाल्याचा शिक्का आणि 1968 साल. भिक्षावळीची मिरवणूक रस्त्यावरून चाललीय, बाबांच्या डोक्यावर छत्री धरलीय आणि मागे उंडी. तेव्हाच खोड दोन माणसांच्या कवेत मावेल एवढं. शेजारी आजचा रेन ट्री काठीएवढा, भोवती बांबूचा पिंजरा. स्कॅन करून सुरंगीताईंना व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवलाय.

दुसरं, डोंबिवलीच्या दादाला फोन केला. फोटो आधी पाठवला, मग फोन. गडग्याचं शेवटी बोललो. 'बघू' म्हणाला. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही असतं, पण त्याने आत्याचा नंबर स्वतःहून दिला.

दप्तरी | शनिवार, सकाळी 8:15

फोटोच्या प्रतीवर बहिणीची सही आणि 'मूळ फोटो आमच्याकडे आहे' एवढी ओळ घ्या. साल शिक्क्यात आहे, उत्तम. उंडी 50 च्या पुढची ठरली म्हणून समजा.

पोफळी_बाग | शनिवार, सकाळी 9:00

मस्कतवाल्यांना दंडवत. एक शंका: पाचवं घर राहिलं ना, कोपऱ्यावरचं?

ओव्हरसियर | शनिवार, सकाळी 9:25

कोपऱ्यावरचं घर बंदच आहे, मालक मुंबईत, नंबर मिळाला पण उचलत नाहीत. ते नाही जमलं तर तिथला रेन ट्री, नऊ नंबर, धोक्यात. तिथे गटार झाडाच्या पुढून वळवता येईल, पण पदपथ अरुंद होईल. तसा दुसरा नकाशा हाताने काढून अर्जाला जोडलाय. मंजूर होईलच असं नाही.

सुनावणी बुधवारी दुपारी तीनला. मावश्यांना जमेल अशी वेळ मुद्दाम मागून घेतली. सोमवारी सकाळी हापूसवाले त्यांचे दोन गडी आणि दोर घेऊन तीन नंबर बघायला येतायत. परवानगीचा अर्ज दिलाय, फांदी परवानगी आल्यावरच उतरवायची.

खालची_आळी | शनिवार, रात्री 9:10

सोमवारी घरी आहे. चहा होईल.

बुधवारी येईन. पण छाटणी 15 मे च्या आत, दोन्ही बाजूंनी, आणि दरवर्षी, हे इतिवृत्तात लिहून घ्यायचं. तोंडी चालणार नाही. लिहिलं तर तिथेच सही करतो.

सुरंगी | शनिवार, रात्री 9:22

लिहून घेऊ. तुमचा सिटी सर्व्हे नंबर आणि जुन्या पोचांचे फोटो आज रात्रीच व्यनि करा, उद्या झेरॉक्सवाला बाराला बंद करतो.